मॅचचं आवतण

माइक हातात आला की माझी जीभ सुटते. पंचवीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवतेय, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असंच बोलायची सवय. गेल्या वर्षी हंगामाच्या पहिल्या मॅचला, हाफटाइममध्ये, त्या माइकवर मी म्हणाले, "ज्यांच्यासाठी ही मॅच ठेवतो त्यांनाच तिचं काही पडलेलं नाही. मान हवा, पहिल्या रांगेतली खुर्ची हवी, पण रविवारची झोप सोडवत नाही. मग कशाला करायचं हे सगळं? बंद करून टाकू!" शब्द जसेच्या तसे लिहिलेत. एकही गाळलेला नाही, कारण तेवढी शिक्षा मला व्हायला पाहिजे.

ही मॅच म्हणजे काय ते सांगते. नाशिक शहरातला आमचा फुटबॉल क्लब आणि देवळाली कॅम्पातला क्लब, दोन्ही जुने. पावसाळा संपून मैदान वाळलं की दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी हंगाम उघडायचा तो या दोघांच्या मॅचने. लीगचे सामने त्यानंतर. या मॅचला गुण नाहीत, कप नाही. जिंकणाऱ्याला नारळ आणि हरणाऱ्यालाही नारळ. मैदान कॅम्पातलं, बाजाराच्या मागचं. फौजेतले लोक, दुकानदार, शहरातून बसने आलेले, सगळे कडेला उभे राहायचे, आणि पहिल्या रांगेत खुर्च्यांवर दोन्हीकडचे जुने खेळाडू.

त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांना घरी जाऊन आवतण द्यायचं, असा रिवाज. फार पूर्वी म्हणे एका वर्षी कॅम्पच्या म्हाताऱ्या खेळाडूंना कोणी नीट बोलावलं नाही, तर ते रुसले आणि दोन वर्षं मैदानाकडे फिरकले नाहीत. तेव्हापासून ठरलं. आमच्या क्लबातलं कोणीतरी आठ दिवस आधी घरोघर जाणार, हातावर अक्षता ठेवणार आणि म्हणणार, "रविवारी या, आपली मॅच आहे." लग्नाला बोलावतात तसं. आणि आवतण आलं नाही तर जायचं नाही, हेही त्यातच आलं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

चाळीसहून जास्त वर्षं हे काम माझ्या बाबांनी केलं. मी पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्या स्कूटरवर पुढे उभी राहायचे, मोठी झाल्यावर मागे बसायला लागले. अक्षतांची पितळी डबी माझ्या मांडीवर. बेचाळीस घरं. काही शहरात, बरीचशी कॅम्पात, एक ओझरला, कारखान्यातून रिटायर झालेल्या आमच्या सेंटर फॉरवर्डचं. सटाण्याला राहायला गेलेल्या एकाला मात्र बाबा पोस्टकार्ड टाकायचे, त्यात कागदाच्या पुडीत चार दाणे चिकटवून. तो गृहस्थ एसटीने यायचा आणि मैदानात शिरता शिरता आपल्या अहिराणीत विचारायचा, "मॅच शे ना?" जणू एवढ्या लांबून भाजी घ्यायला आला होता.

बाबांनी आवतण दिलं की समोरचा म्हणायचा, "बघतो." सगळेच म्हणायचे. "येतो" असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. लहानपणी मला राग यायचा, म्हणायचे, "बाबा, कोणीच नाही येणार!" बाबा हसायचे. रविवारी बेचाळीसच्या बेचाळीस खुर्च्या भरलेल्या असायच्या.

पहिलं घर नेहमी चाचांचं. कॅम्पच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान, वर राहायची खोली. कॅम्पचे गोलकीपर होते. दोन्ही क्लबांत हयात असलेल्यांत पुढे तेच सगळ्यांत जुने उरले, म्हणून मॅचआधी मैदानाच्या मधोमध चेंडू ठेवायचा मान त्यांचा. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कडक इस्त्री, आणि चेंडू असा हळूच ठेवायचे की मला वाटायचं आता याला थोपटून झोपवतात की काय. बाबांनी दिलेल्या अक्षता ते बटणांच्या डब्यात टाकायचे. एकदा मी आगाऊपणे विचारलं, "चाचा, तुमच्यात अक्षता असतात?" तर म्हणाले, "आमच्यात नसतात बेटी. पण तुझ्या बापाने दिलेल्या टाकून पण देता येत नाहीत ना."

बाबा गेल्यावर क्लबाचं चिटणीसपद माझ्याकडे आलं. बाई चिटणीस, पहिलीच. मी म्हटलं, आता बघाच. पहिली दोन वर्षं घरोघर गेले. तिसऱ्या वर्षी शहरातल्या एका घरात दार उघडलं ते नातवाने. माझ्या हातातली डबी बघून आत ओरडला, "आजोबा, फुटबॉलचं लग्न आहे!" आतून दोन-तीन पोरी खिदळल्या. आजोबा बिचारे धोतर सावरत बाहेर येईपर्यंत मी दारात उभी, हातावर अक्षता, कान लालेलाल. त्यातली एक पोर माझ्याच शाळेतली निघाली. दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर मला बघून तिने तोंडावर हात धरला. मी तिला तीन चकरा जास्त मारायला लावल्या. कारण विचाराल तर त्या वेळीही माझ्याकडे नव्हतं.

त्या वर्षी निम्मी घरं केली. बाकीच्यांना फोन केले, आणि ते आपले मोठ्या मनाने आले. आणि गेल्या वर्षी म्हटलं, पुरे झालं हे जुनाट प्रकरण. मोबाइलवर ग्रुप काढला. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांकडून झकास पोस्टर करून घेतलं, चेंडूला झेंडूची माळ, खाली वेळ आणि ठिकाण. टाकल्या टाकल्या अंगठ्यांचा पाऊस. कोणी हात जोडले, कोणी हृदय पाठवलं. मी खूश. कॅम्पापर्यंतचं ट्रॅफिक, माझे गुडघे, शाळेच्या परीक्षा, अशी कारणं मी स्वतःला सांगून ठेवली होती. खरं कारण एकच. मला लाज वाटत होती. पन्नाशीची बाई तांदळाची डबी घेऊन दारोदार फिरतेय, कशासाठी, तर फुटबॉलसाठी.

रविवारी सकाळी खुर्च्या मांडल्या. बेचाळीस. त्यातल्या भरल्या सात, त्याही खेळाडूंच्या आईवडिलांनी. ग्रुपवर अंगठे दाखवणारी तरुण मंडळी आली होती म्हणा, पण ती कडेला कोंडाळं करून परदेशातल्या कुठल्यातरी मॅचचे गोल मोबाइलवर बघत होती. आमच्या पोराने इकडे बरा हेडर मारला, तर त्यांनी तिकडे मान वर करून विचारलं, "काय झालं?" पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीकडे माझं सारखं लक्ष जात होतं. चाचा नाहीत. बाजारामागच्या चाळीतल्या आजी नाहीत. त्यांचा नवरा फौजेत होता, कॅम्पकडून खेळायचा. तो गेल्यावरही त्यांचं आवतण बाबांनी चालू ठेवलं होतं आणि त्या थर्मासभर चहा घेऊन यायच्या. ओझरचे नाहीत. सटाण्याचे नाहीत. चेंडू शेवटी मीच मधोमध ठेवला, ठेवला कसला, टाकला, आणि शिट्टी वाजली.

मला संताप आला. म्हटलं, बाबा ऊनपाऊस न बघता यांच्या दारी गेले आणि यांना आता दोन पावलं चालवत नाहीत? हाफटाइमला माइक घेतला आणि वर लिहिलंय ते बोलले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही क्लबांची बैठक झाली. मी ठराव मांडला. पुढच्या वर्षीपासून पहिली मॅच रद्द, हंगाम सरळ लीगने सुरू करायचा. "तुम्हीच बघितलंत ना खुर्च्यांचं काय झालं ते?" मी विचारलं. कॅम्पचे चिटणीस, माझ्यापेक्षा वयाने लहान, अगदी सभ्य गृहस्थ, त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, आवतण दिलं होतं ना सगळ्यांना?"

"म्हणजे काय! दिलं ना!"

अशी चटकन आली थाप, की माझी मलाच खरी वाटली. ठराव पास झाला. वार्षिक सभेत त्यावर शेवटचा शिक्का बसायचा एवढंच बाकी राहिलं. मी घरी येऊन मस्त जेवले आणि झोपले, हेसुद्धा सांगून टाकते.

पंधरा-वीस दिवसांनी शाळेच्या मुलींच्या संघाच्या शॉर्ट्स लहान करून घ्यायच्या होत्या. शहरात दहा शिंपी आहेत. पण गेले कॅम्पात, चाचांकडे. खरं सांगायचं तर जाब विचारायला गेले होते.

चाचा मशीनवर होते. चष्मा कपाळावर. "ये बेटी, बस," म्हणाले. समोरच्या टपरीवरून चहा मागवला. शॉर्ट्स मोजून घेतल्या, कुठली किती कमी करायची ते खडूने लिहिलं. मॅचबद्दल अवाक्षर नाही. मला राहवेना.

"चाचा, यंदा आला नाहीत तुम्ही."

"नाही जमलं." त्यांनी शॉर्ट्सची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "आवाज येत होता मात्र. वर खिडकीत बसलो होतो. मैदानावरचं सगळं ऐकू येतं तिथे. तू बोललीस ते पण ऐकलं."

मी कप खाली ठेवला. मैदान बाजाराच्या मागेच आहे, हे मला काय आज कळत होतं? चाळ तर त्याहून जवळ. मी माइकवर ज्यांना झोपाळू म्हटलं ते सगळे आपापल्या घरात बसून ते ऐकत होते.

"कपडे घालून तयार होतो," चाचा म्हणाले. "म्हटलं, परीक्षा असतील शाळेत, कामात राहून गेलं असेल, सकाळी येईल. मागे एकदा तुझा बाप पण असा आला होता, मॅचच्या दिवशी सकाळी, स्कूटर पंक्चर झाली होती तेव्हा. चाळीतल्या भाभीचा दोनदा फोन आला. तुमच्याकडे आली का? मी म्हटलं, नाही अजून, पण येईल. ओझरवाल्याने पण विचारलं. त्याला पण सांगितलं, येईल रे, तिच्या बापाची पोर आहे ती. मग शिट्टी वाजली. तेव्हा आम्हाला वाटलं, आता तरुण पोरांची मॅच केली असेल. चांगलंच आहे. म्हाताऱ्यांनी कशाला मध्ये लुडबुड करायची?"

यात कुठेही टोमणा नव्हता हो! टोमणा असता तर मी भांडले असते, भांडता येतं मला. ते खरंच माझ्यासाठी कारण शोधत होते. बाजूला खुंटीवर तो पांढरा शर्ट टांगलेला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"मग, बंद करणार म्हणालीस," त्यांनी विचारलं. "लोकांना खरंच नको झाली का गं ती मॅच?"

या एका प्रश्नासाठी तरी मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "बघू, चाचा. सभेत ठरेल." आणि पर्स उचलून निघाले. रस्त्यावर येऊन स्कूटरची किल्ली लावली आणि पुन्हा काढून घेतली. बसस्टॉपवरच्या बाकावर जाऊन बसले, नाशिक रोडच्या तीन बस गेल्या. ज्यांना मॅचचं पडलेलं नाही असं मी ओरडून सांगितलं, ते इस्त्रीचे कपडे घालून खिडकीत बसले होते. आणि जिला पडलेलं नव्हतं तिच्या हातात माइक होता.

वार्षिक सभा महिन्याभराने. तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. शाळेत पोरी म्हणाल्या, मॅडम हल्ली चकरा मारायला लावत नाहीत. सभेत ठराव वाचून झाला, मंजूर आहे का म्हणून अध्यक्षांनी विचारलं, आणि मी उभी राहिले. इतर वेळी माझं बोलणं थांबवावं लागतं.

"मी आवतण दिलं नव्हतं," एवढंच आलं पहिल्यांदा. मग म्हणाले, "एकाही घरी गेले नाही. बैठकीत विचारलंत तेव्हा खोटं बोलले. लोक आले नाहीत, कारण मी त्यांना बोलावलंच नाही. ठराव मागे घ्या."

कोणीतरी मागून हसलं. आमच्याच क्लबाचा एक जण म्हणाला, "अहो मॅडम, अक्षता वाटल्या नाहीत म्हणून मॅच पडली म्हणता? कोणत्या काळात राहता?" महिन्यापूर्वी मीही हेच म्हणाले असते, तेही जास्त मोठ्याने. कॅम्पचे चिटणीस मात्र माझ्याकडे बघत नव्हते, टेबलाकडे बघत होते. बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं, की आणखी एक वर्ष मॅच ठेवायची. या वेळी रीतसर आवतण द्यायचं, आणि पहिली रांग भरली नाही तर त्यानंतर बंद, मग त्यावर चर्चा नाही. आवतण कोणी द्यायचं हे कोणी विचारलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

ते वर्ष म्हणजे हेच. दसरा झाला आणि मी माळ्यावरून पितळी डबी काढली, चिंचेने घासली. तांदळाला कुंकू लावलं. सटाण्याचं पोस्टकार्ड आधी टाकलं, पुडीत चार दाणे चिकटवून. मग सकाळी सकाळी स्कूटर काढली आणि कॅम्पात आले.

चाचांच्या दुकानाबाहेर स्कूटर लावली आणि तिथेच थबकले. आत मशीन चालू होतं. दोन पायऱ्या चढायच्या, बस. पण काय तोंडाने सांगायचं, या म्हणून? वर्षापूर्वी यांनाच मी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलले होते. पलीकडचा भांडीवाला माझ्याकडे टकमक बघायला लागला. मी उगाच डिकी उघडली, बंद केली. आरशात केस नीट केले. पुन्हा डिकी उघडली.

मशीन थांबलं. "आत ये," चाचांचा आवाज आला. "किती वेळ उभी राहशील उन्हात?"

मी आत गेले. डबी उघडली, त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या. "चाचा, मागच्या वर्षी..." म्हणाले. आणि रडू आलं, भर बाजारात, चांगलं हुंदके देऊन. त्यांनी बोलू दिलं नाही. "जे सांगायचं असतं ते सांग," म्हणाले.

मी नाक पुसलं. "रविवारी या. आपली मॅच आहे."

"बघतो," चाचा म्हणाले.

बटणांचा डबा पुढे ओढून त्यांनी अक्षता आत टाकल्या. मग सुईत दोरा ओवता ओवता सहज बोलल्यासारखं म्हणाले, "तुझा बाप पण असाच बाहेर उभा राहायचा. दर वर्षी. स्कूटरशी खटपट करत बसायचा. मला हाक मारावी लागायची."

"बाबा? का?"

"लाज वाटायची त्याला. लोक हसायचे ना तेव्हा पण. बाजारात पोरं मागे लागायची, नवरदेव आला, नवरदेव आला. एकदा मला म्हणाला, पुढच्या वर्षी दुसऱ्याला पाठवतो, माझ्याने होत नाही. मग तुला आणायला लागला. म्हणाला, पोर बरोबर असली की मला परत फिरता येत नाही."

मांडीवर डबी घेऊन, मान ताठ करून मी त्या स्कूटरवर बसायचे, आपले बाबा किती मोठे आहेत म्हणून.

दुकानातून निघाले. पुढचं घर चाळीतल्या आजींचं. त्यांनी मागच्या वर्षी चाचांना दोनदा फोन केला होता. चाळीच्या जिन्यात चार-पाच बायका भाजी निवडत बसल्या होत्या. माझ्या हातातल्या डबीकडे बघून एकीने दुसरीला कोपर मारलं. दाराबाहेर मी उभी राहिले. इथे आतून हाक मारणारं कोणी नव्हतं, आणि बरोबर कोणी पोरही नव्हती. मी बेल वाजवली.